कोणतेही पाच सोडवा

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाई त्या काळी पॅरिसात असत्या, तर फ्रेंच राज्यक्रांती झालीच नसती असं माझं ठाम मत आहे. त्यांनी त्या राजाला वाटेत गाठून "हे असं का होतंय?" असं विचारलं असतं. तो बिचारा काहीतरी उत्तर देणार, त्यावर आत्याबाई म्हणणार, "हे झालं तात्कालिक कारण. मूळ कारण सांग." मग तो आणखी मागे जाणार, त्या त्याला आणखी मागे नेणार, आणि हे संपेस्तोवर बाहेर जमलेले लोक कंटाळून आपापल्या घरी जेवायला गेले असते. तुम्हाला ही अतिशयोक्ती वाटेल. तुम्ही त्यांच्या घरात राहिला नाहीत म्हणून वाटेल. मी राहिले आहे.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. माझं लग्न झालं आणि मी पुण्याहून उचलून बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये येऊन पडले. नवरा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आत्याबाईंची मुलगी सासरी गेल्यामुळे त्यांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता, तिथे आमचा संसार मांडला गेला. खाली आत्याबाई आणि त्यांचे यजमान, ज्यांना आख्खी गल्ली अण्णा म्हणायची. अण्णा त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं बेताचं, म्हणजे जवळजवळ नाहीच. इतकी वर्षं कर्नाटकात काढल्यामुळे त्यांनी कानडीतला 'सरी', म्हणजे 'बरं', हा एक शब्द पकडला होता आणि तेवढ्यावर सगळा संसार निभावला होता. बाजारात जा, सरी. भाजी खारट झालीय, सरी. तुमचं चुकलंच, सरी. आत्याबाई प्रश्न विचारायच्या आणि अण्णा 'सरी' म्हणायचे, असं ते लग्न अगदी छान चाललं होतं.

मी आले त्याच आठवड्यात माझ्या हातून दूध उतू गेलं. आत्याबाई दारात उभ्या. "का गं उतू गेलं?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. "का नव्हतं?" म्हटलं, विचारात होते. "कसल्या?" असल्याच कसल्यातरी. "असल्या म्हणजे कसल्या?" मला वाटलं, झालं, ही आता माझं माहेर काढणार. आणि झालंही तसंच, पण वेगळ्या अर्थाने. तिसऱ्या की चौथ्या 'का'ला मला रडू फुटलं आणि आईची आठवण येते असं मी बोलून गेले. त्याबरोबर आत्याबाईंचा चेहरा उजळला. "हां! हे मूळ कारण. दूध काय, निमित्तमात्र. घाल चप्पल." आणि तशाच, अंगावरच्या घरच्या लुगड्यात, मला ओढत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर घेऊन गेल्या. आईशी बोलून होईपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्यांच्या 'का'चा मला राग येईनासा झाला. कंटाळा मात्र येत राहिला, तो शेवटपर्यंत.

कारण हा 'का' माणूस बघायचा नाही, वेळ बघायचा नाही. बंगळूरचे रिक्षावाले तेव्हाही 'बरल्ला' म्हणून मान फिरवायचे, म्हणजे येणार नाही. आपण काय करतो? दुसरी रिक्षा बघतो. आत्याबाई त्या रिक्षाच्या दांडीला धरून उभ्या राहायच्या. "याके बरल्ला?" का येणार नाही? एकदा यशवंतपूरच्या बाजूला एकाने सांगितलं, जेवायला घरी चाललोय अक्का. मग, घर कुठे? इतकं लांब का? मल्लेश्वरममध्येच होतं, विकलं. का विकलं? भाऊ भांडले. का भांडले? मी भाजीच्या दोन पिशव्या धरून उन्हात उभी, आणि हा गृहस्थ रिक्षातून उतरून, रिक्षालाच टेकून, आपल्या वडिलांच्या दुसऱ्या लग्नापर्यंत पोचलेला. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "बन्नी, या अक्का, सोडतो." आत्याबाई रिक्षात बसताना माझ्या कानात म्हणाल्या, "वाटण्या नीट झाल्या नाहीत की साम्राज्यं अशी मोडतात बघ."

त्यांचा दुसरा लाडका विषय नेतृत्व. घरात काही बिनसलं की पहिला प्रश्न, "नेतृत्व कुणाकडे होतं?" इडल्या दगडासारख्या झाल्या तरी तेच. इतिहासातल्या भल्याभल्या राजांना आणि सेनापतींना त्या, मुलीसाठी आलेली स्थळं तपासावीत तशा तपासायच्या. रागीट आहे का? चारचौघांचं ऐकतो का? ऐकतो तर कुणाचं? उधारी किती? फ्रान्सच्या त्या राजाबद्दल पुस्तकात लिहिलेलं असायचं की तो बायकोच्या मुठीत होता. आत्याबाई चिडायच्या. "बायकोचं ऐकत होता म्हणून मार्क कापायचे? कुठल्या बाबतीत ऐकत होता ते बघा की! हे माझं ऐकतात, यांचं कुठलं राज्य बुडालं?" पलीकडून पेपराआडून अण्णा म्हणायचे, "सरी."

आमच्या मराठी मंडळात एकदा गणपतीच्या महाप्रसादाला आमटी करायची की सांबार, यावरून दोन तट पडले. जुनी मंडळी सांबारवाली, नवीन आलेली पुणे-मुंबईची आमटीवाली. हमरीतुमरी झाली, कुणीतरी डाव आपटला. आत्याबाई उठल्या आणि त्यांनी फुटीची दूरगामी कारणं, तात्कालिक कारण, नेतृत्वाचे दोष आणि संभाव्य परिणाम असं सगळं इतकं सविस्तर सांगितलं, की दोन्ही तट भुकेने कासावीस होऊन शेवटी 'काय वाटेल ते करा पण वाढा' यावर एक झाले. अध्यक्ष मला म्हणाले, तुमच्या आत्यांना समितीवर घ्यायला हवं. मी म्हटलं, घ्या, पण मग बैठकीला येताना डबा घेऊन या.

आता तुम्ही म्हणाल, एवढा इतिहासाचा नाद, तर बाई इतिहासात एम.ए. तरी असेल. इथेच तर सगळं अडलं होतं. आत्याबाई बी.ए. नव्हत्या. आणि फक्त एका पेपरमुळे नव्हत्या.

त्या धारवाडकडच्या. त्या काळात त्यांना कॉलेजात घातलं होतं, हेच विशेष. शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर दिले, राहिला फक्त राजकीय इतिहासाचा. आणि नेमका त्याच दिवशी लग्नाचा मुहूर्त निघाला. वडील म्हणाले, पेपर काय, ऑक्टोबरला देता येईल. आई म्हणाली, ऑक्टोबरला दे. मामा, काका, भटजी, सगळे म्हणाले ऑक्टोबर. वर्गातल्या मुली पेपर लिहीत होत्या तेव्हा आत्याबाई अंतरपाटामागे हार घेऊन उभ्या होत्या. "भटजी सावधान म्हणाले ना," त्या मला सांगायच्या, "तेव्हा मी मनात म्हटलं, आता तिकडे घंटा झाली असेल." पहिल्या ऑक्टोबरला दिवस गेलेले, दुसऱ्याला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग तो ऑक्टोबर आलाच नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टींचं मूळ कारण खणून काढणाऱ्या या बाईने एवढ्या एका बाबतीत मात्र हात टेकले होते. "मुहूर्त हे तात्कालिक कारण," त्या म्हणायच्या. "मूळ कारण माझं नशीब. त्याच्या मागे जाता येत नाही."

पण स्वस्थ बसतील तर त्या आत्याबाई कसल्या! मुलीचं लग्न उरकलं आणि त्यांनी पोस्टाने शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमात पहिल्यापासून नाव घातलं. नातवाला मांडीवर घेऊन पेपर पास केले. भराभर केले. आणि परत राहिला तो कोण? राजकीय इतिहास! तो विषय त्यांना पुस्तकाच्या लेखकापेक्षा जास्त येत होता, आणि त्यातच त्या दरवेळी नापास. मी घरात आले तेव्हा त्यांची एकच शेवटची संधी उरली होती. ही चुकली की नियमाप्रमाणे नाव रद्द आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. "पहिल्यापासून करेन," त्या म्हणायच्या. पण म्हणताना गुडघा चोळायच्या.

मी पुण्याची इतिहासाची बी.ए., तीही द्वितीय श्रेणीतली. पण परीक्षेच्या बाबतीत मी मुरलेली. मी विचारलं, आत्याबाई, तुम्ही नापास होताच कशा? पेपर कसा असतो? त्या म्हणाल्या, आठ प्रश्न असतात. कोणतेही पाच सोडवा म्हणतात.

"मग कुठले पाच सोडवता?"

"आठही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नव्हती झाली. बाई आठही प्रश्नांना हात घालायच्या, प्रत्येकाची कारणं, कारणांची कारणं लिहीत मागे मागे जायच्या, आणि घंटा व्हायची तेव्हा एकही उत्तर पुरं झालेलं नसायचं. मी कपाळाला हात लावला. "अहो, पाचच सोडवायचे! बाकीचे तीन ऑप्शनला टाकायचे! मी तर अख्खी अठराव्या शतकातली युद्धं ऑप्शनला टाकून पास झाले!"

"त्याने आठ विचारलेत," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "पानात वाढलेलं टाकून उठायचं नाही, असं आमच्या घरचं वळण आहे."

मी ठरवलं, या खेपेला बाईला पास करायचीच. त्या उत्तरं कानडीत लिहायच्या, आणि मला कानडीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून रोज स्वयंपाक करता करता त्यांनी तोंडी उत्तर सांगायचं आणि मी ऐकायचं असा परिपाठ सुरू केला. वेळ मोजायला कुकर. भाताच्या शिट्ट्या झाल्या की उत्तर बंद. "म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धाची कारणे," मी पोळी लाटत म्हणायची. आत्याबाई सुरू. इंग्रज आले, निजाम आला, मग आपले मराठे कुणाच्या बाजूने गेले आणि का गेले, या मुद्द्यावर आल्या की त्यांचा आवाज चढायचा. इतकी वर्षं म्हैसूर राज्याचं मीठ खाल्लेलं, आणि जन्म मराठ्याच्या घरात! दोन्हीकडची बाजू मांडता मांडता कुकर बोंबलायला लागायचा. "वेळ संपली!" मी ओरडायची. "थांब गं, अजून एक कारण राहिलंय!" "राहू दे!" "ते मुख्य आहे!" घरात महिनाभर भात गिचका होत होता. अण्णा निमूट जेवायचे. एकदा फक्त म्हणाले, "स्वल्प लवकर आटपा."

हळूहळू सुधारणा झाली. एखादं उत्तर शिट्टीच्या आत संपायला लागलं. पण तीन प्रश्न टाकायचे म्हटलं की बाईचं तोंड कडू व्हायचं. मी चिडून म्हणायची, "आत्याबाई, हा हट्ट सोडा, नाहीतर डिग्री सोडा." त्या म्हणायच्या, "बघू."

पेपर दुपारचा होता. सकाळी मी खाली आले तर आत्याबाई जुन्या साडीत, पाट मांडून वाल सोलत बसलेल्या. अण्णा समोर कॉफी घेऊन. मी म्हटलं, तयार व्हा की. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मी जात नाहीये."

"का?" या घरात पहिल्यांदाच हा प्रश्न मी विचारला.

"का काय? माझ्या नशिबात तो पेपर नाही. तेव्हा नव्हता, आता नाही. नशिबापुढे कुणाचं चालतं?" आणि त्यांच्या डोळ्यांतून टपकन पाणी वालांत पडलं. आत्याबाईंना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "नशीब नव्हे," ते म्हणाले. "मी."

'सरी'पलीकडे त्यांचं काही ऐकायची आम्हा दोघींना सवयच नव्हती.

"भटजींनी दोन मुहूर्त काढले होते," अण्णा वालांकडे बघत म्हणाले. "एक तुझ्या पेपरच्या दिवशी. एक त्यानंतरच्या महिन्यात. तुझ्या वडिलांनी निवड आमच्यावर सोडली होती. मीच म्हटलं, अलीकडचा."

"पेपर आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग का?"

अण्णांनी ताटातली एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाले, "बघायला आलो तेव्हा सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, तुम्ही इंजिनिअर का झालात? मला उत्तर देता आलं नाही. तोवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं. वाटलं, महिनाभर थांबलो तर ही पोरगी दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी विचारेल." घुटमळून पुढे म्हणाले, "ऑक्टोबरला देता येईल असं मीही म्हटलं होतं. नंतर आठवण करून दिली नाही."

इतकं लांब वाक्य अण्णांच्या तोंडून मी ना त्याआधी ऐकलं, ना त्यानंतर. मला वाटलं, आता आत्याबाई विरघळणार. छे! त्यांचं नाक लाल झालं, ओठ आवळले गेले. "म्हणजे इतकी वर्षं," त्या एकेक शब्द मोजून बोलल्या, "मी नशिबाला शिव्या देत होते, आणि नशीब माझ्यासमोर बसून कॉफी पीत होतं!" मग वालांचं ताट सरकवून उठल्या. "उठा. रिक्षा आणा. नशिबाशी भांडता येत नव्हतं मला, तुमच्याशी येतं. आज मी पाच सोडवते. बघते कोण अडवतं!"

अण्णा "सरी" म्हणून पायात चपला न घालताच धावले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर एका मोठ्या झाडाखाली मी आणि अण्णा उभे राहिलो. सगळी मुलं-मुली आत गेली, त्यात आत्याबाईंचा पांढरा अंबाडा तेवढा उठून दिसत होता. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, बाबा रे, हिला आज कुणाचा तरी कंटाळा येऊ दे. अण्णा मध्येच जाऊन शहाळं घेऊन आले आणि ते दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले. आणि काय सांगू, घंटा व्हायच्या आधी आत्याबाई बाहेर! मी धावले. "किती सोडवले?"

"पाच. तीन टाकले," त्या म्हणाल्या. "मराठ्यांचा प्रश्न टाकला. पानात वाढलेलं तसंच ठेवून उठल्यासारखं वाटतंय बघ. जीव जळतोय." अण्णांनी शहाळं पुढे केलं. ते त्यांनी घेतलं, प्यायल्या, रिकामं शहाळं परत अण्णांच्या हातात दिलं, पण बोलल्या नाहीत.

तो अबोला थेट निकालापर्यंत चालला. सगळं माझ्यामार्फत. "त्यांना विचार, भात वाढू का?" अण्णा हातभर अंतरावर बसून मला सांगायचे, "सरी म्हणून सांग." मी दोघांवर वैतागले होते. एकीकडे वाटायचं, एवढी वर्षं झाली, सोडून द्यावं बाईने. मग वाटायचं, का सोडावं? तिचा ऑक्टोबर होता तो.

निकाल बघायला अण्णा एकटेच गेले. परत आले ते मोगऱ्याचा भलामोठा गजरा घेऊन. आत्याबाई पास झाल्या होत्या. मी उडी मारली, त्या मात्र ओट्याशी टेकून गजऱ्याकडे बघत राहिल्या. मग पाठ करून ठेवलेलं उत्तर सांगावं तशा म्हणाल्या, "माझ्या यशाची कारणे. तात्कालिक कारण, हे. माझ्या अपयशाची कारणे. मूळ कारण, हेच. असा माणूस कुठल्या प्रकरणात बसवायचा, सांग बघू." आणि थेट अण्णांकडे वळून, "उभे काय राहिलात? बसा, कॉफी टाकते." मल्लेश्वरममध्ये त्या दिवशी मी पहिल्यांदा अण्णांना हसताना पाहिलं. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मी चेष्टेने विचारलं, "मग आत्याबाई, अण्णांच्या नेतृत्वाचे मूल्यमापन करा." त्या फिल्टरमध्ये गरम पाणी ओतत म्हणाल्या, "घाई कशाला? अजून पुरावे गोळा करतेय."

तो आमच्या घरातला कायमचा विनोद होऊन बसला. अण्णांनी नारळ चुकीचा आणला, की मी विचारायची, झालं का मूल्यमापन? आणि त्या म्हणायच्या, पुरावे गोळा करतेय. त्यांच्या भांडणात, रुसव्यात, संध्याकाळी संपिगे रोडवरून एकमेकांच्या मागेपुढे चालण्यात ते पुरावे बरीच वर्षं गोळा होत राहिले.

शतक संपायच्या आतच अण्णा गेले. जसे बोलायचे तसेच गेले, थोडक्यात. दिवस झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष घरी आले. अंकात अण्णांवर काहीतरी छापायचं आहे, म्हणाले, आत्याबाईंनी सांगितलं तर बरं. ते गेल्यावर मी कागद-पेन घेऊन त्यांच्यापुढे बसले. मनात म्हटलं, आता तासभर तरी उठता येत नाही. म्हटलं, "सांगा आत्याबाई. कसे होते अण्णा?"

त्या अण्णांच्या कॉफीच्या पेल्याकडे बघत होत्या. रोजच्यासारखाच घासून, पुसून फडताळात पालथा घातलेला. मी वाट बघितली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद करून परत येऊन बसले, तरी त्या बोलल्या नाहीत.

मग अगदी हळू म्हणाल्या, "हा प्रश्न मी ऑप्शनला टाकते."